मथूताईंच्या मुलाची बिअर

पहिल्याच भेटीत त्यांनी माझा वास घेतला. म्हणजे भलतंसलतं काही नाही. टेबलाच्या पलीकडे बसून, मान किंचित वर करून, दोनदा नाक फेंदारलं इतकंच. मग म्हणाले, "सकाळी पोहे खाल्लेस. शेंगदाणे खवट होते. घरी सांग, बदला म्हणावं." मी नोकरीच्या मुलाखतीला गेलेले. अनुभव काय, अपेक्षा काय, पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता, सगळ्याची उत्तरं पाठ होती. शेंगदाण्यांवर माझी तयारी नव्हती. संध्याकाळी डोंबिवलीला घरी पोचल्यावर आधी डबा उघडला. शेंगदाणे खवटच होते.

त्यांना सगळे काका म्हणत. कोलशेतच्या एका जुन्या इंडस्ट्रियल गाळ्यात त्यांची छोटी ब्रुअरी होती. मागे टाक्यांमध्ये बिअर तयार व्हायची आणि पुढच्या खोलीत बाकांवर बसून प्यायला मिळायची. त्याआधीची उमेदीची सगळी वर्षं त्यांनी डोंबिवलीच्या एमआयडीसीत, एका केमिकल कंपनीत घालवलेली. तिथे मीटरच्या आधी नाक बोलतं, असं ते सांगायचे. कुठल्या रिअॅक्टरचं काय बिनसलंय ते आपण गेटवरून ओळखायचो, हा त्यांचा दावा. रिटायर झाले आणि एवढं कमावलेलं नाक घरी बसवायचं कसं, म्हणून त्यांनी बिअर काढली.

"वास खोटं बोलत नाही," हे त्यांचं लाडकं वाक्य. रिक्षात बसण्याआधी ते रिक्षा हुंगायचे आणि पसंत नसली तर पुढची बघायचे. पेपरची घडी मोडायच्या आधी पेपर हुंगायचे. एकदा एक तरुण विमा एजंट चकचकीत माहितीपत्रक घेऊन आला, ते नाकाशी धरून काकांनी परत केलं आणि "ह्यात काही नाही," म्हणाले. तो बिचारा नंतर मला बाहेर गाठून विचारत होता, की मॅडम, साहेबांना नक्की कसला वास आला.

माझं काम मार्केटिंग. दारूची जाहिरात करायला बंदी आहे हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणजे ज्या मालाची जाहिरात करता येत नाही त्याची जाहिरात करायला मला ठेवलेलं, आणि ठेवणाऱ्यालाही ती नकोच होती. मेन्यूकार्डावर तरी चार बऱ्या ओळी असाव्यात म्हणून मी लिहून न्यायची. "थकलेल्या दिवसाचा गोड शेवट" असं एकदा लिहिलं. काका म्हणाले, "थकलाय तर झोप म्हणावं त्याला." "मित्र जमले की" असं लिहिलं. "मित्र जमले की गप्पा माराव्यात. बिअर कशाला मध्ये?" शेवटी वैतागून म्हटलं, तुम्हीच सांगा काय लिहू. त्यांनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "लिही, ही पिऊन कोणाचंही भलं होत नाही. चव बरी आहे." मेन्यूकार्डावर तेच छापलं गेलं.

आणि दोन ग्लासांचा नियम. काकांकडे माणशी दोनच ग्लास मिळायचे. तिसरा मागितला की मातीच्या कुल्हडात ताक यायचं, आलं आणि कोथिंबीर लावलेलं, फुकट. घोडबंदर रोडवरच्या टॉवरांमधली आयटीतली पोरं पहिल्यांदा चिडायची. "काका, हम पे कर रहे हैं ना, यार?" काका त्यांच्याच बाकावर बसून, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "तुझं नाव काय? तर बाळा, पहिला ग्लास जिभेला कळतो. दुसरा अर्धा कळतो. तिसरा कळत नाही, आणि मी न कळणाऱ्या माणसाला माझी बिअर देत नाही." पोरं हसून ताक प्यायची आणि पुढच्या शनिवारी आणखी चौघांना घेऊन यायची. मला ह्या माणसाचा दिवसातून एकदा तरी फार राग यायचा, आणि तो टिकायचा नाही.

ह्याच नियमाची पाटी त्यांनी गाळ्याबाहेर रंगवून घेतली. "इथे बिअर मिळते. न प्यायलात तर उत्तम. तिसरा ग्लास मागू नये." कोणीतरी तिचा फोटो काढून टाकला, त्यावर रील झाले, आणि आठवड्याच्या आत एक्साइजच्या मॅडम गाळ्यात हजर. चाळिशीच्या, कडक इस्त्रीची साडी, आवाज अजिबात न चढवता बोलणाऱ्या. म्हणाल्या, "पाटी काढा."

"अहो मॅडम, मी तर पिऊ नका म्हणतोय!"

"तेच. तुमच्या 'नका'मुळे अर्धं ठाणं इथे यायला निघालंय."

काकांनी पाटी काढली, पण आठवडाभर धुसफुसत होते. दारू प्या म्हटलं तर गुन्हा, पिऊ नका म्हटलं तरी गुन्हा, मग माणसानं म्हणायचं तरी काय? मी म्हटलं, काही म्हणू नका. ते मला म्हणाले, "मग तुला कशाला ठेवलंय?"

त्या बिअरचं नाव होतं 'मथू', ग्लासांवरही तेच छापलेलं. शनिवारी संध्याकाळी गाळ्यात "दो मथू देना", "एक मथू इकडे" असा गजर चालायचा. मथू म्हणजे काकांची आई, मथूताई. डोंबिवली पूर्वेला एके काळी 'मथूताईंची भाजणी' माहीत नसलेलं घर सापडलं नसतं. नोकरी करणाऱ्या बायका ऑफिसातून येताना पाकीट घ्यायच्या, घरी पोचून कांदा चिरायचा, पीठ भिजवायचं, थालीपीठ तव्यावर, की झालं जेवण. आमच्याही घरी ती असायची. पुढे मथूताईंचे गुडघे गेले, भाजणी बंद पडली. आईचं नाव पुन्हा लोकांच्या तोंडी यावं म्हणून काकांनी ते बिअरला दिलं. ह्याचा त्यांना केवढा अभिमान होता! नवीन आलेल्या प्रत्येकाला ते ग्लास पुढे करून सांगायचे, "हे माझ्या आईचं नाव आहे, जपून पी."

फक्त आईला हे माहीत नव्हतं. नव्वदीला टेकलेल्या मथूताईंना वाटायचं, मुलगा बार्लीचं सत्त्व काढतो. त्यांना सांगितलेलंच तसं होतं. त्या तिसऱ्या मजल्यावरून फारशा खाली उतरत नसत, आणि बिल्डिंगमधली यच्चयावत माणसं ह्या कटात सामील होती. मी पहिल्यांदा त्यांच्या डोंबिवलीच्या घरी गेले तेव्हा जिन्यातच काकांनी मला बजावलं, "आईसमोर सत्त्व म्हणायचं." शेजारच्या काकू गॅलरीतून विचारायच्या, "काय मथूताई, सत्त्वाचं कसं काय?" मथूताई कौतुकानं सांगायच्या, "वाढलंय हो. ठाण्याची मुलं रांग लावतात म्हणे." काकू तोंडाला पदर लावून आत पळायच्या.

बिअर झाली की मागे बार्लीचा चोथा उरतो, टोपलीच्या टोपली. आधी तो फेकला जायचा. मग एक दिवस कोलशेतच्या कोळीवाड्यातल्या वत्सलामावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. "काका, यो चोथा तुमी फेकता कशाला? आमच्या कोंबऱ्या खातील नं!" महिनाभर कोंबड्यांनी खाल्ला. मग मावशींनीच विचारलं, "कोंबऱ्यांना चालतं तं मानसांना का नाय चालनार?" काका उडालेच. चोथा उन्हात वाळवून, आईच्या मापानं डाळी आणि धणे-जिरे घालून त्यांनी भाजणी करून बघितली. मथूताईंनी थालीपीठाचा घास खाल्ला आणि म्हणाल्या, "नाव दे माझं." वत्सलामावशींच्या गटातल्या बायका कामाला लागल्या आणि 'मथूताईंची भाजणी' पुन्हा दुकानांत आली, डोंबिवलीत आणि कल्याणातही.

पहिल्याच खेपेला काकांनी सगळा माल परत पाठवला. चोथा ज्या चटयांवर वाळवलेला त्यांवर आदल्या दिवशी सुकट वाळत घातलेली. काका म्हणाले, "वत्सलाबाई, हे थालीपीठ सुकटीबरोबर खायलाच नको, सुकटीचंच होईल."

"मंग त्यान वाईट काय हाय?" मावशींनी विचारलं. त्यांना खरंच कळत नव्हतं. शेवटी चटया वेगळ्या झाल्या, पण ती पहिली खेप कोळीवाड्यात हातोहात संपली आणि तिथे अजून तिची आठवण काढतात.

सगळं असं छान चाललेलं असताना तक्रार गेली. करणारा होता एक तिसरा ग्लास नाकारलेला गृहस्थ. ताकाचं कुल्हड त्याच्या जिव्हारी लागलं होतं. कल्याणच्या एका दुकानात त्याला भाजणीचं पाकीट दिसलं आणि त्यावर 'मथू'. त्यानं फोटो काढून एक्साइजला कळवलं, की बिअरची जाहिरात करता येत नाही म्हणून हे लोक त्याच नावाचं पीठ विकतात, ही छुपी जाहिरात आहे. मोठ्या कंपन्या सोड्याच्या नावाखाली करतात तेच. गृहस्थाचा मुद्दा कागदावर अगदी बिनतोड होता. आधी बिअर आली, मग पीठ आलं, नाव एक. सिद्ध झालं असतं तर लायसन्स जाऊन गाळ्याला टाळं लागलं असतं.

ठाण्याच्या ऑफिसात सुनावणीला मी काकांबरोबर गेले. काका धुतलेला पांढरा शर्ट घालून, भाजणीचं पाकीट छातीशी धरून बसलेले. आत त्याच मॅडम. त्यांनी तक्रार वाचून दाखवली आणि विचारलं, "बोला."

काकांनी पाकीट फोडून टेबलावर ठेवलं. "वास घ्या," म्हणाले.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सरकारी अधिकाऱ्याला वास घ्या! पण त्या भाजणीचा खमंग वास एव्हाना टेबलभर पसरला होता आणि मॅडमचा चेहरा बदलला होता. त्यांनी पाकीट जवळ ओढलं. "ही… खरंच पूर्वेला मिळायची तीच? गुलाबी पाकिटात?"

"तीच. माझी आई करायची."

"आमच्या घरी दर गुरुवारी असायची. माझी आई टेलिफोन खात्यात होती, दमून यायची," मॅडम म्हणाल्या. आणि मग स्वतःशीच, "म्हणजे नाव जुनं आहे. भाजणी आधीची आहे."

काका विजयी मुद्रेनं माझ्याकडे वळले. "ऐकलंस? भाजणी बिअरची जाहिरात नाही. संपली केस."

"संपली नाही, काका," मॅडम म्हणाल्या. आवाज चढला नव्हताच, उलट उतरला होता. "माझ्या मुलीच्या डब्यात परवाच हे थालीपीठ दिलं मी. नवीन पाकीट दिसलं, नाव वाचलं, डोळे झाकून घेतलं. ती पोरगी उद्या तुमच्या गाळ्यावरून जाईल आणि आत 'मथू' वाचेल. तिला काय वाटेल? आपल्या थालीपीठवाल्या आजीचं दुकान. भाजणीनं तुमची बिअर विकली नसेल, मान्य. पण बिअरला हे नाव देताना तुम्ही कशाच्या जिवावर दिलंत?"

काकांनी टेबलावरचं पाकीट स्वतःकडे वळवून त्यावरचं नाव वाचलं. पाटीवरून, ग्लासावरून, ओळींवरून ज्यानं मला सळो की पळो करून सोडलं, एक गोड शब्द छापू दिला नाही, त्याला सगळ्यात गोड शब्द आपण स्वतःच ग्लासावर लिहिलाय हे कधी दिसलंच नव्हतं. मलाही दिसलं नव्हतं.

"आणि आईंना माहीत आहे हे?" मॅडमनी विचारलं.

काकांनी चष्मा काढून पुसला.

"पुढच्या तारखेला हे नाव दोन्हींपैकी एकावरच ठेवून या," मॅडम म्हणाल्या. "भाजणी किंवा बिअर. नाहीतर मला लायसन्स थांबवावं लागेल." पाकीट त्यांनी परत दिलं, पण तोंड नीट दुमडून, वर रबर लावून.

स्कूटरवर मागे बसून मी काकांना अख्ख्या रस्ताभर समजावत होते. कशेळी गेलं, माणकोलीचा पूल आला, माझं तेच चालू. नाव बिअरला ठेवा, भाजणीला दुसरं द्या. लोक मथू मागायला येतात, नाव गेलं की गर्दी गेली. धंद्याच्या दृष्टीनं मी बरोबरच होते, आजही तसंच वाटतं. काका फक्त इतकंच म्हणाले, "आईला सांगायला वर ये माझ्याबरोबर. एकट्याला जमायचं नाही." साठी उलटलेला माणूस, पण हे वाक्य त्यानं शाळेतून चिठ्ठी आणलेल्या पोरासारखं उच्चारलं.

मथूताई गॅलरीत खुर्चीवर बसून पावटे सोलत होत्या. काका समोरच्या स्टुलावर बसले.

"आई, ते सत्त्व…"

"कमी निघतंय का?"

"नाही. ते सत्त्व नाही. बिअर आहे."

मथूताईंचा हात थांबला. "बिअर म्हणजे दारूच ना रे?"

"दारूच."

"आणि हे बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत आहे?"

"हो."

शेजारच्या गॅलरीतलं दार हळूच बंद झाल्याचा आवाज आला. मथूताईंनी तिकडे एकदा बघितलं आणि पुन्हा पावटा उचलला. "नाव काय ठेवलंयस तिचं?"

"मथू." आणि मग घाईघाईनं, "मला वाटलं, तुझं नाव सगळ्यांच्या तोंडी राहील."

"ते होतंच की रे तोंडी," त्या म्हणाल्या. "मला विचारलंस?"

"नाही."

"तेव्हा विचारलं असतंस तर कदाचित हो म्हटलं असतं. तुला कधी नाही म्हटलंय मी? पण आता नाही म्हणते. माझं पाकीट बायका न बघता डब्यात ओतायच्या. आता बघून ओततील."

काका मान खाली घालून बसले. मलाच रडू यायला लागलं. तेवढ्यात मथूताई म्हणाल्या, "तुझ्या वडिलांचं नाव दे तिला. ते घ्यायचे मधूनमधून."

"बाबा?" काका स्टुलावरून पडायचेच बाकी होते. "बाबा कधी?"

"कल्याणला भजन असायचं ना त्यांचं, मित्राकडे."

"ते भजन होतं!"

"असेल, दोन अभंगांपुरतं."

काका अगदी हळू म्हणाले, "पण त्यांना तर वेलदोड्याचा वास यायचा. मला वाटायचं, प्रसादाचा."

"वेलदोडे मीच द्यायची खिशात घालून," मथूताई म्हणाल्या. "तुझं नाक लहानपणापासून तिखट."

त्या दिवसानंतर "वास खोटं बोलत नाही" हे वाक्य मी काकांच्या तोंडून ऐकलं नाही. हुंगणं मात्र चालू राहिलं, पण आता हुंगून झाल्यावर ते समोरच्याला विचारतही असत, की बरोबर आहे ना.

वडिलांचं नाव त्यांनी दिलं नाही. मी सुचवून बघितलं, कायद्यात बसत होतं, मॅडमचीही हरकत नसती. काका म्हणाले, "नको. त्यांना आता विचारता येत नाही." ग्लासांवरचं 'मथू' खरवडून काढलं आणि नवीन काही लिहिलंच नाही. गिऱ्हाईक विचारायचं, "काका, नाव काय हिचं?" काका म्हणायचे, "बिअर." आणखी कोणी खोदून विचारलंच तर, "मुलाचं नाव ठेवणं सोपं असतं रे, त्याला विचारावं लागत नाही. हिला कोणाचं तरी मागून आणावं लागतं." गर्दी थोडी ओसरली आणि पूर्वीइतकी पुन्हा कधी झाली नाही. तारखेला मॅडमनी काकांनी नेलेले कोरे ग्लास बघितले, सही केली, आणि बाहेर येऊन आमच्याबरोबर आलेल्या वत्सलामावशींकडून दोन पाकिटं रीतसर विकत घेतली. मावशी त्यांना हळूच विचारत होत्या, "सुकटीवाली पन देऊ का, मॅडम? ती काकांना नाय आवरत, पन भारी हाय."

काही महिन्यांनी मी ती नोकरी सोडली. बिननावाच्या मालाची जाहिरात न करायला दोन माणसं कशाला, असं मीच काकांना म्हटलं. ते हसले आणि निरोपाला मला दोन ग्लास दिले. तिसऱ्याला ताक.

शेवटच्या दिवशी सकाळी त्यांच्याच स्कूटरवरून कोलशेतला जायचं म्हणून मी त्यांच्या बिल्डिंगखाली थांबलेले. काका खाली आले, हेल्मेट चढवलं, किक मारली. वरून खणखणीत आवाज आला. मथूताई गॅलरीच्या कठड्याला धरून उभ्या होत्या.

"अरे ए! कालच्या बिअरवर झाकण नीट ठेवलंस ना?"

सगळ्या मजल्यांवरच्या गॅलऱ्या एकदम चिडीचूप. शेजारच्या काकूंच्या हातातला कपडा दोरीवर तसाच लोंबकळत राहिला. इतकी वर्षं त्या बिल्डिंगनं जो शब्द मोठ्यानं उच्चारला नव्हता, तो मथूताईंनी भल्या सकाळी तिसऱ्या मजल्यावरून खाली टाकला होता.

काकांनी स्कूटर बंद केली. हेल्मेट काढलं, वर बघितलं, आणि इतक्या मोठ्यानं ओरडले की पलीकडच्या गल्लीत ऐकू गेलं असेल.

"हो आई! बिअर झाकून ठेवलीये!"